शेकडो हेक्टरांवर निसर्ग सावरण्याचं काम: आत शिरण्याआधी काय ठाऊक असावं?

कुसळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं आणि त्यानंतरची सगळी नोकरी खुर्चीत बसून: उपग्रहचित्रं, नकाशे, जमीनवापराचे थर. आता एका निसर्गसंवर्धन संस्थेकडून विचारणा झाली आहे. एका नदीचं अख्खं पाणलोट क्षेत्र, काही हजार हेक्टर, आणि तिथल्या अधिवास पुनर्स्थापनेच्या कामाचं समन्वयन. जमीन एकाची नाही. थोडी सरकारी, थोडी सामाईक चराईची, बरीचशी खासगी शेती आणि मधोमध एक चिमुकलं संरक्षित क्षेत्र. कामाच्या वर्णनात ‘लँडस्केप स्केल’ (म्हणजे अख्ख्या भूभागाच्या पातळीवर) हे शब्द परिच्छेदागणिक आहेत, पण सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुठेच नाही.

घरी विचारतात, झाडंच लावायची तर एवढा पसारा कशाला? मलाही धड उत्तर देता येत नाही. म्हणून या क्षेत्रात राबलेल्यांना विचारते आहे. दिवस कसा जातो? माझं नकाशांचं ज्ञान कितपत कामी येईल? जगातली कोणती कामं अभ्यासावीत, फसलेलीसुद्धा? परावृत्त करायचं असेल तर तेही मोकळेपणाने करा.

टिटवी

घरच्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच प्रश्न देणगीदारही विचारतात.

झाडं लावणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. काही ठिकाणी तर लावलेली झाडं काढणं हेच मुख्य काम असतं. उत्तर स्कॉटलंडमध्ये केथनेस आणि सदरलंड भागात फ्लो कंट्री नावाचा पीटचा प्रचंड पाणथळ पट्टा आहे. पीट म्हणजे शेवाळ धड न कुजता हजारो वर्षं साचत गेलेला थर. १९७० आणि ८० च्या दशकांत करसवलतीच्या आमिषाने तिथे सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइनची लागवड झाली. पैसे गुंतवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिली असेल, कोण जाणे! त्यासाठी पीट नांगरला, चर खणून पाणी काढून टाकलं. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली तेव्हा लागवड थंडावली. पुढे आरएसपीबी या पक्षिसंवर्धन संस्थेने आणि इतरांनी त्यातलीच झाडं तोडायला आणि चर बुजवायला घेतले. नुसतं तोडूनही भागत नाही. नांगराच्या सऱ्या तशाच राहिल्या तर सरीतून पाणी निघून जातं, वरंबा कोरडा राहतो आणि त्यावर स्प्रूसची रोपं पुन्हा डोकं काढतात. म्हणून सऱ्या बुजवून जमीन सपाट करावी लागते. २०२४ मध्ये फ्लो कंट्रीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

आता यातली ‘लँडस्केप’ची गोष्ट. उघड्या पाणथळीवर जमिनीत घरटं करणारे तिथले चिखलपक्षी झाडीच्या कडेजवळ फिरकत नाहीत. काही शे मीटरपर्यंत त्यांची संख्या घटलेली दिसते. म्हणजे जेवढ्या जमिनीवर झाडं लावली, त्याहून कितीतरी जास्त जमीन त्यांच्या हातून गेली. तुमचं ते चिमुकलं संरक्षित क्षेत्र कितीही नेटकं सांभाळा, तिथे कोण राहणार हे शेजारची जमीन ठरवते. एवढा पसारा यासाठी.

२०१० मध्ये जॉन लॉटन यांच्या समितीने इंग्लंडच्या सरकारला दिलेला अहवाल या क्षेत्रात सगळे जण चार शब्दांत सांगतात: अधिक, चांगलं, मोठं, जोडलेलं. लोक ‘जोडलेलं’वर उडी मारतात, कारण दोन हिरव्या ठिपक्यांमधला पट्टा नकाशावर छान दिसतो (हे तुमच्यासाठी खास). अहवालाचा क्रम मात्र वेगळा आहे. हातात आहे ते आधी सुधारा, मग त्याचा आकार वाढवा, मग जोडा. आजारी तुकडे जोडून मोठा आजारी तुकडा मिळतो.

दिवस कसा जातो? बराचसा फोनवर आणि लोकांच्या ओसरीवर. कुंपणाचा ठेकेदार, जेसीबीवाला, पाटबंधाऱ्यांचा अभियंता, ज्याच्या बांधावरून यंत्र न्यायचं तो शेतकरी, त्याच्याशी न बोलणारा त्याचा भाऊ. उरलेल्या वेळात अहवाल. मग महिन्यातले काही दिवस खरंच चिखलात. ते मात्र फार चांगले असतात.

बांधावरून

वाचनखूण साठवली. टिटवीताई, त्या न बोलणाऱ्या भावावर वेगळा धागा होऊन जाऊ द्या :)

आडवाट

टिटवीशी सहमत. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने आधी पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचं उदाहरण वाचावं.

टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नायजरच्या माराडी भागात रोपं लावत होते. बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की शेतात जागोजाग दिसणारी खुरटी झुडपं ही झुडपं नव्हेतच. तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. मुळं जमिनीत शाबूत, फक्त दरवर्षी कोणी तरी वरून कापतंय किंवा गुरं खातायत. उपाय साधा होता. प्रत्येक बुंध्यावर चार-पाच चांगले फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेल्यांची राखण करायची. दोनेक दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली, आणि त्यातली जवळपास कुणी लावलेली नव्हती. रिनॉडोंना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

पण छाटणीचं तंत्र हा यातला सोपा भाग. वसाहतकाळापासून चालत आलेल्या कायद्याने शेतातलं झाडही सरकारचं होतं. राखलेलं झाड उद्या आपल्यालाच तोडता येणार नसेल, वर दंड भरावा लागणार असेल, तर फुटवा वाढू कोण देईल? वनखात्याने प्रत्यक्ष अंमलबजावणीत हात सैल सोडला, झाडावर शेतकऱ्याचा हक्क आहे असं लोकांना वाटू लागलं, तेव्हा ते पसरलं. शेजाऱ्याची गुरं आणि शेजाऱ्याची कुऱ्हाड यांबद्दल गावागावांत नियम ठरवावे लागले ते वेगळेच.

त्यामुळे पाणलोटात पाऊल ठेवल्यावर ‘इथे काय लावायचं’ हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवा. ‘इथे आपोआप यायला हवं ते कशामुळे येत नाहीये’ हा पहिला. कधी उत्तर वणवा असतं, कधी चराई, कधी चराईचा अभाव, कधी खत, कधी चर, कधी कायदा.

नांगरट

इतका वेळ वाचत होतो. आता थोडं विरोधी सूर लावतो.

मी शेतीवाला माणूस. तुमच्या या हजारो हेक्टरांच्या योजना वाचल्या की पहिला प्रश्न पडतो: तिथलं पीक कुठे जातं? लोक जेवायचे थांबत नाहीत. एका देशाने शेती मागे घेऊन फुलपाखरं आणली आणि तेवढंच धान्य किंवा मांस दुसरीकडचं जंगल तोडून आलं, तर जगाच्या हिशेबात काय मिळवलं? युरोपीय संघाने २०२४ मध्ये निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा केला, २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राच्या किमान २० टक्क्यांवर उपाय सुरू व्हायला हवेत म्हणून. तो मंजूर होईपर्यंत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांनी रस्ते अडवले होते. ते सगळे अडाणी होते का?

दुसरं, ‘निसर्गाला मोकळं सोडा’वाल्यांचं ओस्टवार्डर्सप्लासेन आठवा.

कुसळ

नांगरट, आभार, असाच प्रतिसाद हवा होता. ओस्टवार्डर्सप्लासेनबद्दल सविस्तर लिहाल का? नाव ऐकलंय, तपशील माहीत नाहीत.

नांगरट

नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून काढलेली जमीन, १९६८ मध्ये कोरडी केलेली. तिथे उद्योग यायचे होते, ते आले नाहीत, पाणथळ तयार झाली, पक्षी आले. पुढे परिसंस्थाशास्त्रज्ञ फ्रान्स व्हेरा यांच्या विचाराने तिथे हेक गायी, कोनिक घोडे आणि लाल हरणं सोडली. माणसाने ढवळाढवळ करायची नाही, चरणारे प्राणी भूदृश्य घडवतील. क्षेत्र साधारण ५६ चौरस किलोमीटर. वीस-तीस वर्षं सगळे अभ्यासक तिकडे जाऊन थक्क होत होते.

पण भोवती कुंपण. मोठा शिकारी प्राणी नाही, हिवाळ्यात दुसरीकडे जायला वाट नाही. चांगल्या वर्षांत प्राणी वाढत गेले आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक मेले. त्यातले बहुतेक, उपासमारीने खंगलेले, रक्षकांनीच गोळ्या घालून संपवले. लोक कुंपणावरून गवताचे भारे आत फेकत होते. त्यानंतर प्राण्यांच्या संख्येवर मर्यादा घातली गेली. गावाकडच्या कुठल्याही गुराख्याने पहिल्या वर्षीच सांगितलं असतं की एवढ्या कुरणावर एवढी जनावरं पोसत नाहीत.

टिटवी

नांगरट, दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूने आहे, पण त्यातून काढायचा धडा वेगळा वाटतो. त्या जागेला शेजारच्या जंगलाशी जोडणारा पट्टा आखलेला होता, तो राजकारणात रद्द झाला. लँडस्केपची योजना कुंपणात कोंडली की जे होईल ते झालं. ५६ चौरस किलोमीटर हा आकडा ऐकायला मोठा, हिवाळ्यात स्थलांतर करणाऱ्या कळपासाठी काहीच नाही.

पीक कुठे जातं, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि आमच्या क्षेत्रातले लोक तो टाळतात. मी दोन गोष्टी पाहते. एक, जमीन कोणती निवडली आहे. इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्समध्ये नेप नावाची साधारण ३,५०० एकरांची इस्टेट आहे. चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री यांनी २००१ पासून तिथली नांगरट टप्प्याटप्प्याने थांबवली. ती चिकणमाती इतकी जड की शेती वर्षानुवर्षं तोट्यात होती. आज तिथे नाइटिंगेल आणि टर्टल डव्ह हे पक्षी आहेत, २०२० मध्ये पांढऱ्या करकोच्यांची पिल्लं उडाली, आणि गायी-डुकरांचं मांस विकलंही जातं. (शेजारी रॅगवर्टच्या पिवळ्या फुलांवरून चिडले होते, गवतात वाळून गेलं की गुराघोड्यांना विषारी म्हणून. ‘शेत नासवलं’ हा आरोप तर ठरलेला.) तीच गोष्ट कोणी उत्तम काळ्या जमिनीवर करू लागला तर मीही तुमच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसेन.

दोन, पुनर्स्थापना म्हणजे माणूस बाहेर, असं बहुतेक ठिकाणी नसतंच. कच्छच्या बन्नीचं घ्या. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं गवताळ रान, मालधारींच्या म्हशी तिथे रात्री चरतात. १९६० च्या दशकात खारं वाळवंट थोपवायचं म्हणून तिथे परदेशी वेडी बाभूळ लावली गेली. गायींनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि गवताची जागा काट्यांनी घेतली. तिथे बाभूळ काढून गवत आणायचं तर मालधारी आणि त्यांची जनावरं हा उपायाचा भाग आहेत. गंमत अशी की मधल्या काळात त्याच बाभळीच्या कोळशावर अनेकांचं घर चालू लागलं. म्हणजे काढायची म्हटली तरी सगळे खूश नाहीत. असे पेच कागदावरच्या योजनेत नसतात. समन्वयकाचा पगार यासाठीच मिळतो.

दगडफूल

कुसळ, तुम्ही वनस्पतीवाल्या आहात म्हणून सांगतो: नकाशे कामी येतील, पण गुडघे टेकून गवतात पाहणारा माणूस प्रकल्पात नसेल तर नकाशा नुसताच सुंदर राहतो.

लार्ज ब्लू या निळ्या फुलपाखराची कथा माझी आवडती. ब्रिटनमध्ये ते १९७९ मध्ये नामशेष झालं, आणि तेही संरक्षित जागांमध्ये. संग्राहक पकडून नेतात म्हणून काही जागांना कुंपण घातलं गेलं. संग्राहक बाहेर राहिले, त्यांच्याबरोबर गुरंही. फुलपाखरू कमीच होत गेलं. जेरेमी थॉमस यांनी वर्षानुवर्षं बसून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. या फुलपाखराची अळी सुरुवातीला रानथाइमच्या फुलावर जगते, मग जमिनीवर पडते, लाल मुंग्या तिला आपली समजून वारुळात नेतात आणि तिथे ती मुंग्यांची अंडी-अळ्या खाऊन मोठी होते. पण कुठल्याही मुंग्या चालत नाहीत. मिर्मिका साबुलेटी हीच जात लागते, आणि या मुंगीला ऊन लागलेली उबदार जमीन हवी, म्हणजे गवत अगदी आखूड. चराई थांबली, १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले, गवत काही सेंटीमीटरनी वाढलं, जमीन गार झाली, ती मुंगी गेली आणि दुसरी आली. माणसाच्या डोळ्यांना कुरण तसंच दिसत होतं. नंतर चराई परत आणली, गवत आखूड ठेवलं, १९८० च्या दशकात स्वीडनहून फुलपाखरं आणून सोडली, आणि आज ती तिथे टिकून आहेत.

त्यामुळे पहिल्याच हंगामात पायाभूत नोंदी घ्या. ठरावीक आखणीच्या चौकटी, ठरावीक जागेवरून दरवर्षी काढलेले फोटो, गवताची उंची, पाण्याची पातळी. पाच वर्षांनी ‘काय फरक पडला’ असं विचारल्यावर ज्यांच्याकडे या नोंदी नसतात ते ‘लावलेल्या रोपांची संख्या’ सांगतात.

आणखी एक. पूर्वस्थिती म्हणजे कुठल्या सालची, हा वाद तुमच्या पहिल्याच बैठकीत होणार. मला त्यात फार रस नाही. जवळपास कुठे तरी कमी बिघडलेला नमुना शोधा, तो समोर ठेवा, हवामान बदलतंय हे गृहीत धरा आणि कामाला लागा.

पाणकणीस

मी इंग्लंडमध्ये कुरणांवर काम करतो, तर मातीबद्दल चार शब्द. इथे कोणी फारसं बोललं नाही आणि अर्धे प्रकल्प तिथेच अडकतात.

शेती थांबवली की रानफुलं येतील अशी सगळ्यांची समजूत असते. येत नाहीत. वर्षानुवर्षं टाकलेलं खत, विशेषतः फॉस्फरस, जमिनीत दशकानुदशकं राहतं. सुपीक जमिनीवर दोन-तीन धटिंगण गवतं बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. रानफुलांना हलकी, उपाशी जमीन लागते. म्हणून आम्ही बरीच वर्षं फक्त कापतो आणि कापलेलं उचलून बाहेर नेतो. उचलणं महत्त्वाचं, तिथेच कुजू दिलं तर खत परत जमिनीत. फारच सुपीक असेल तर वरचा थर सरळ यंत्राने खरवडून काढतात. शेतकऱ्यांना हे बघवत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं.

मग बी. बाजारातलं ‘रानफुलांचं मिश्रण’ अनेकदा कुठल्या तरी दुसऱ्याच प्रदेशातलं असतं. त्यापेक्षा जवळच्या जुन्या, फुलांनी भरलेल्या कुरणात बी पिकत आलं असताना गवत कापायचं आणि ओलं असतानाच, त्याच दिवशी, काही तासांच्या आत नव्या जागेवर पसरायचं. बी तिथे झडतं. उशीर झाला तर ढिगात गवत तापतं आणि बी मरतं. त्या दिवशी कापणीयंत्र, ट्रेलर, चालक, हवामान, दोन्हीकडचे मालक सगळं एका रेषेत यावं लागतं. लग्नघरातली धावपळ परवडली.

आणि यलो रॅटल. ही छोटी पिवळ्या फुलांची वर्षायू वनस्पती गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस चोरते, गवत मंदावतं, मधे उघडी जागा होते आणि बाकीची फुलं शिरतात. ही एकच वनस्पती आमचं अर्धं काम करते.

अनवट

कोस्टारिकातल्या ग्वानाकास्तेची भर घालते. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी १९८० च्या दशकात तिथलं कोरडं उष्णकटिबंधीय जंगल परत आणायला घेतलं. अडथळा होता आफ्रिकेतून आणलेलं हारागुआ गवत आणि त्याला दरवर्षी लागणारी आग. आग थांबवली की वारा आणि प्राणी बी आणतात. आग विझवायला त्यांनी कोणाला घेतलं? आधी त्याच कुरणांवर काम करणाऱ्या स्थानिक लोकांना. ती जमीन, तिथला वारा, गवत कधी पेटतं हे त्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला काही गुरंही मुद्दाम राहू दिली, गवत खाऊन आगीचं इंधन कमी करायला.

तिथलाच संत्र्यांच्या सालींचा किस्साही भन्नाट आहे. १९९० च्या दशकात एका रस कंपनीशी करार झाला: कंपनीने जंगलाची जमीन द्यायची, बदल्यात साली उद्यानाच्या उजाड जागेवर टाकायच्या. सुमारे १२,००० टन साली तीन हेक्टरांवर पडल्या. मग प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली, ‘उद्यान घाण केलं’ म्हणून, आणि करार बंद पडला. सोळा वर्षांनी संशोधक जागा शोधायला गेले तर खुणेची पाटीच सापडेना, इतकी झाडी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत जमिनीवरचं जैवभार (झाडाझुडपांचं एकूण वजन) शेजारच्या तुकड्याहून १७६ टक्के जास्त निघालं. यावरून कोणी कुठेही साली टाकायला जाऊ नये. आणि पाणकणीस यांच्या कुरणावर तर नकोच, तिथे उलटं होईल!

पाणकणीस

अनवट, साली घेऊन कोणी आलं तर फाटकावरच अडवतो :)

शून्यप्रहर

मी निधीच्या बाजूला बसतो, त्यामुळे कोरडं लिहितो.

२०११ च्या बॉन आवाहन या आंतरराष्ट्रीय मोहिमेत २०२० पर्यंत १५ कोटी हेक्टर जमीन पुनर्स्थापनेखाली आणायचं ठरलं, २०१४ मध्ये ते लक्ष्य २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टरांवर नेलं. २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका विश्लेषणात दिसलं की देशांनी जाहीर केलेल्या क्षेत्रापैकी ४५ टक्के भागावर व्यापारी लागवड होणार होती, म्हणजे एकाच जातीची झाडं, वाढवा आणि तोडा. हेक्टर मोजले की हेक्टर मिळतात. म्हणून तुमच्या करारात यशाचा निकष काय लिहिलाय ते आधी वाचा.

दुसरं, काळ. प्रकल्पनिधी साधारण तीन वर्षांचा येतो. अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं काढायचा कायदा १९९२ मध्ये झाला. प्रत्यक्ष तोडकाम २०११ ते २०१४. मधली वीस वर्षं लोअर एल्व्हा क्लॅलम या तिथल्या आदिवासी समुदायाने आणि इतरांनी विषय जिवंत ठेवला. धरणामागे अडकलेला गाळ सुटला तेव्हा काय होईल याचे अभ्यास झाले, गावाच्या पाण्याची सोय झाली. धरण नसलेल्या नदीत सामन मासे वर जाताना दिसतात त्या फोटोंमागे ही वीस वर्षं आहेत, आणि त्या वीस वर्षांना निधी देणारे फार थोडे असतात.

तिसरं, मागची देखभाल. दक्षिण आफ्रिकेत १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ सुरू झालं. पाणी पिणारी परदेशी झाडं पाणलोटांतून काढायची आणि त्यातून बेरोजगारांना काम द्यायचं. कल्पना उत्तम, पण ऑस्ट्रेलियन बाभळींचं बी जमिनीत दशकं टिकतं. एकदा तोडून दोन वर्षं मागे वळून पाहिलं नाही तर आधीपेक्षा दाट रान उभं राहतं. पहिल्या तोडणीला पैसे मिळतात, चौथ्या फेरीच्या उपटणीला मिळत नाहीत. त्या फेरीचा फोटो चांगला येत नाही ना.

नांगरट

शून्यप्रहर, पटलं. हे बांधबंदिस्तीच्या योजनांनाही शब्दशः लागू.

टिटवी, चिकणमातीचा मुद्दा मान्य. पण एक राहिलं. जो शेतकरी जमीन देतो किंवा पीकपद्धत बदलतो, त्याला दरवर्षी पैसे मिळणार की एकदाच? योजना पाच वर्षांची आणि नांगर मोडीत काढायचा कायमचा, असा व्यवहार मी करणार नाही. दुसऱ्या कोणालाही करू देणार नाही.

टिटवी

बरोबर आहे तुमचं. माझ्या माहितीतले जे करार टिकले त्यांत शेतकऱ्याला निघण्याची मोकळीक होती. कागदावर हे उलटं वाटतं, पण मोकळीक असली की लोक कमी घाबरून येतात. शिवाय सगळ्यांची सगळी जमीन लागतच नाही. ओढ्याकाठची दहा मीटर पट्टी, पाणी साचणारा कोपरा, जिथे पीक दर तिसऱ्या वर्षी बुडतं ती खाचर जमीन. कुसळ, तुमचे नकाशे इथे लागतात. पुराचं पाणी कुठे थांबतं आणि पीक कुठे सतत कमी येतं हे दोन थर एकमेकांवर ठेवा आणि तो कागद घेऊन शेतकऱ्याकडे जा. तो म्हणेल, ‘हे मला माहीत होतं.’ तिथून बोलणं सुरू होतं.

कुसळ

किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून घरी दिली आहे. फ्लो कंट्री वाचून बाबा म्हणाले, ‘म्हणजे तू झाडं तोडायला चाललीस?’ असो.

पुढच्या आठवड्यात संस्थेशी बोलणं आहे. मुलाखत ते घेणार, पण मीही विचारणार आहे. काय विचारू?

टिटवी

मी असते तर हे विचारलं असतं.

नियोजनाच्या बैठकीत गुराखी आणि कुळं बसतात का, की फक्त सातबाऱ्यावर नावं असलेले? चरणारा अनेकदा मालक नसतो, आणि योजना बहुधा त्याच्याच पायाखालून जाते.

एखाद्या गावाने नको म्हटलं तर काय होतं? ‘आम्ही समजावतो’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

पायाभूत नोंदी झाल्यात का, आणि त्या कुणाकडे राहतात? अधिकारी बदलला की हार्ड डिस्क घेऊन जाणारे पाहिलेत.

आणि तुमच्या आधी या पदावर कोण होतं, ती व्यक्ती का गेली. जमलं तर तिच्याशीच बोला. बाकी सगळं त्या एका फोनमध्ये कळतं.

शून्यप्रहर

+१. त्यात भर: निधी संपल्यावर पंप, कुंपण आणि पाण्याचे दरवाजे कोण सांभाळणार, हे लेखी आहे का. तोंडी ‘गाव सांभाळेल’ चालणार नाही.

दगडफूल

आणि वर्षातले किती दिवस तुम्हाला शिवारात घालवता येतील हेही. समन्वयक म्हणून घेतात आणि तीन वर्षं एक्सेलमध्ये बसवतात. तुम्ही तिथूनच निघताय ना?

बांधावरून

थोडं अवांतर, पाणकणीस यांना. आमच्या मंडळाकडे यलो रॅटलचं मागच्या हंगामातलं बी पाकिटात उरलंय. वसंतात पेरलं तर चालेल का?

पाणकणीस

नाही चालणार. त्या बियाला उगवण्याआधी हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते, म्हणून पेरणी शरदातच. शिवाय ते साठवणीत फार टिकत नाही, एका वर्षाचं जुनं बी बहुतेक मेलेलं निघतं. यंदा उन्हाळ्यात एखाद्या कुरणाच्या मालकाला विचारून ताजं गोळा करा. शेंग वाळून खुळखुळली की पिकलं समजायचं. पेरायच्या आधी गवत अगदी तळाशी कापा आणि जमीन दाताळ्याने निम्मी तरी उघडी करा. बी मातीला टेकलं पाहिजे, गवतावर पडून उपयोग नाही. आणि त्या वर्षी रॅटलचं बी झडेपर्यंत कापणी करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे विचारायला याल.